गोठ्यातला स्पीकर, घरातला कान

आमचा गोठा घरापासून साठ-पासष्ट फुटांवर आहे. मधे चिंचेचं झाड आणि वैरणीची गंज. गाय व्यायला टेकली की आबा बाज उचलून तिकडेच झोपायला जातात. रात्री अडीच-तीनला वासराचे पाय दिसायला लागले की मला हाक मारतात, आणि थंडीत दारंखिडक्या बंद असली, त्यात शेजारच्या मळ्यात मोटर चालू असली, की ती हाक माझ्यापर्यंत पोचत नाही. मोबाईल आहे त्यांच्याकडे. तो कोपरीच्या खिशात बंद पडलेला असतो. चालू असला तरी दोन्ही हात गाईपाशी गुंतलेल्या माणसाने बटणं कशी दाबायची?

म्हणून गोठा आणि घर यांच्यात तारेवरचा असा इंटरकॉम करायचं ठरवलं की आबांनी नुसतं बोलायचं. त्यांच्या बाजूला बटण नको, चार्जिंग नको. काय दाबायचं असेल ते मी दाबीन.

मी मोटर रिवायंडिंग करतो. दिवसभर तांब्याच्या तारेत हात असतात. त्यामुळे स्पीकर माझ्या डोळ्यांना आधी मोटरसारखा दिसतो, वाजणारी वस्तू नंतर. लोहचुंबकाच्या खाचेत तारेचं बारीक वेटोळं, आणि त्याला चिकटवलेला कागद. वेटोळ्यात करंट सोडला की ते पुढे-मागे हलतं आणि कागद हवा ढकलतो. आता उलटं करा. कागदासमोर बोला, कागद हलेल, वेटोळं चुंबकात हलेल, आणि तारेत करंट तयार होईल. सायकलचा डायनॅमो तरी वेगळं काय करतो? म्हणजे स्पीकर हाच माइक. वाकला-फाटला नसेल तर भंगारातला एकच स्पीकर दोन्ही कामं करतो.

खात्री करायची असेल तर मीटर, म्हणजे मल्टिमीटर, २०० मिलिव्होल्ट डीसीवर ठेवा, दोन्ही प्रोब स्पीकरच्या टोकांना लावा आणि कागद बोटाने हळूच दाबा. आकडे एका बाजूला उडी मारतील. बोट सोडलं की उलट्या बाजूला, वजा चिन्ह घेऊन. माझ्या पोराला हे दाखवलं तेव्हा त्याने अर्धा तास स्पीकर सोडला नाही, शेवटी मीटरची बॅटरी गेली.

बाजारात अगदी स्वस्तात कंडेन्सर माइक मिळतो, तो का नाही लावला असं मला दुकानात विचारलं. एक तर त्याला त्याच तारेतून व्होल्टेज द्यावं लागतं. दुसरं, लांब तारेवर तो घरातल्या लाइटची घरघर फार ओढतो. आणि मुख्य म्हणजे गोठ्यातली दमट हवा, शेणमुताची वाफ, भुश्याची धूळ यात तो किती दिवस टिकेल याचा मला भरवसा नव्हता. आठ ओहमचा स्पीकर दांडगा असतो. शिवाय माइक लावला तर तिकडून ऐकू येईल, पण इकडून आबांना ‘आलो आलो’ सांगायला परत वेगळा स्पीकर लागणारच.

दोन स्पीकर लागतील, एक घरात आणि एक गोठ्यात. जुन्या टू-इन-वनचे, ट्रान्झिस्टरचे, टीव्हीचे, तीन ते पाच इंची, ८ ओहम लिहिलेले घ्या. जुना डबा टीव्ही स्वतः उघडायला जाऊ नका. पिक्चर ट्यूबमध्ये टीव्ही बंद असला तरी जबर व्होल्टेज साठलेलं असू शकतं. भंगारवाल्याकडे काढून ठेवलेला स्पीकर मिळतो. गाडीतले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात, ते इथे नकोत. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर साडेसहा ते साडेसात दाखवतो, त्याने घाबरू नका. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, ‘टक’ असा खणखणीत आवाज यायला हवा. शेवटी कागद दोन्ही अंगठ्यांनी सारखा आत दाबून कानाशी धरा. खरखर आली तर वेटोळं घासतंय, तो स्पीकर फेकून द्या. कागदाला बारीक चीर असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवला की भागतं. माझ्या गोठ्यातल्या स्पीकरला असे दोन ठिगळ आहेत.

आता सर्किट. स्पीकरमधून निघणारा सिग्नल एक मिलिव्होल्टच्याही आतला असतो, त्यामुळे वाढवायचं काम दोन टप्प्यांत करावं लागतं. पहिल्या टप्प्याला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, दुसऱ्याला एलएम३८६ ही आठ पायांची आयसी. हिच्यावर आमच्या पिढीतले बरेच जण शिकले. बाहेरचे चार-पाच कंडेन्सर (कपॅसिटर) लावले की अर्धा वॉटच्या आसपास आवाज देते, आणि नुसती बसलेली असताना जेमतेम ४ मिलिअँपिअर खाते.

पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. आमच्यासारख्यांनी तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे चिठ्ठी द्यायची. झीरो पीसीबी, म्हणजे भोकं पाडलेली कोरी पट्टी घ्या, आणि आयसीसाठी बेस, म्हणजे आयसी काढता-घालता येईल अशी बैठक, नक्की घ्या. का, ते पुढे कळेल. वायर आणि स्पीकर सोडून मला सगळं दोनशे रुपयांच्या आत पडलं.

आधी मागचा, म्हणजे आयसीचा, टप्पा बांधा. म्हणजे काही वाजायला लागतं आणि हुरूप येतो. आयसीची खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते ४, उजवीकडे खालून वर ५ ते ८. चार नंबर मायनसला. सहा नंबरला ९ व्होल्ट प्लस, आणि तिथेच, पायाला अगदी खेटून, ४७० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक असे दोन कंडेन्सर मायनसला. ०.१ वर १०४ छापलेलं असतं. दोन नंबर मायनसला. तीन नंबरला १० के, म्हणजे १० हजार ओहमच्या, व्हॉल्यूम कंट्रोलचा मधला पाय, त्याचा एक कडेचा पाय मायनसला, दुसरा तूर्त मोकळा. सात नंबरपासून मायनसला १० मायक्रोफॅरड. पाच नंबर म्हणजे आउटपुट. तिथून २२० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून स्पीकरला, कंडेन्सरची प्लस बाजू आयसीकडे. पाच नंबरपासूनच १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड, म्हणजे ४७३ छापलेला, एकामागे एक जोडून मायनसला. हे दोन तुकडे बिनकामाचे वाटतात आणि बरेच जण गाळतात. मग आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच थरथरत बसते, तापते, आणि आवाज फाटका येतो. एक आणि आठ नंबर मोकळे ठेवा. तसे ठेवले की आयसी वीसपट वाढवते, आपल्याला तेवढं पुरतं.

सप्लाय देऊन पाच नंबरवर मीटर लावा. सप्लायच्या निम्मं, साडेचारच्या आसपास दिसायला हवं. मग व्हॉल्यूम वाढवून मोकळ्या पायाला बोट लावा. स्पीकरमधून ‘घुर्र’ आलं की मागचा टप्पा पास.

पुढचा टप्पा ट्रान्झिस्टरचा. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय. इथे नेहमीसारखा बेसमधून सिग्नल घालायचा नाही, एमिटरमधून घालायचा. स्पीकर आठ ओहमचा, आणि बेसची वाट काही हजार ओहमची. एमिटरची वाट इथे तीसएक ओहमची असते, म्हणजे स्पीकरच्या जवळपासची. आमच्या भाषेत, लोड जुळला पाहिजे.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टरपासून प्लसला ४.७ के. बेसपासून प्लसला ४७ के आणि मायनसला १० के, शिवाय बेसपासून मायनसला १० मायक्रोफॅरड. एमिटरपासून मायनसला १ के. स्पीकरची गरम तार, म्हणजे मायनसला न जाणारी, सिग्नलची तार, २२ मायक्रोफॅरडमधून एमिटरला (हेच इनपुट), कंडेन्सरची प्लस बाजू एमिटरकडे, कारण एमिटर ०.९ व्होल्टवर बसलेला असतो. इथे मोठा कंडेन्सर मुद्दामच घातला नाही. २२ घातला की दोनशे हर्ट्झच्या खालचा घुमारा कापला जातो आणि शब्द स्पष्ट येतात. कलेक्टरपासून ०.१ मायक्रोफॅरडमधून व्हॉल्यूम कंट्रोलच्या त्या मोकळ्या पायाला.

या टप्प्याला प्लस थेट द्यायचा नाही. २२० ओहमच्या रेझिस्टन्समधून द्यायचा, आणि पुढे १०० मायक्रोफॅरड मायनसला. मी पहिल्यांदा हा आळस केला. चालू केल्याबरोबर स्पीकर जुन्या डिझेल इंजिनासारखा फट-फट-फट करायला लागला. आयसी मोठा करंट ओढते, सप्लाय हलतो, तो हेलकावा ट्रान्झिस्टरला लागतो, तो परत वाढून आयसीला, असा रहाट सुरू होतो. २२० ओहम आणि १०० मायक्रोफॅरडने तो तुटतो. कलेक्टरवर साडेचार ते पाच व्होल्ट दिसले की बरोबर.

सप्लायचं सांगतो, कारण इथे मी पैसे घालवले. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर चालू ठेवायला परवडत नाही, म्हणून माळ्यावरचा एक जुना जड अडॅप्टर काढला. वर १२ व्होल्ट लिहिलेलं. आयसी चालली मिनिटभर. बोट लावलं तर चटका बसला, मग गप्प झाली. नंतर मीटर लावला तर अडॅप्टर मोकळा असताना १७ व्होल्ट देत होता. ट्रान्सफॉर्मरवाले जुने अडॅप्टर असेच असतात, पूर्ण लोड पडला तरच १२ वर येतात. या आयसीला १२ च्या वर नेऊ नये. रोज मोटरींना व्होल्टेज आधी मोजून मग हात लावणारा माणूस मी, आणि घरच्या कामाला छापलेल्या आकड्यावर विसंबलो. आता मधे ७८०९ रेग्युलेटर लावलाय. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून आत, मायनस, बाहेर. बाहेर पक्के नऊ. आयसीची बैठक असल्यामुळे दुसरी आयसी बसवायला सोल्डरिंगचा डाग काढावा लागला नाही.

आता खरा मेंदू, तो म्हणजे स्विच. सहा पायांचा डबल पोल डबल थ्रो घ्या, दाबून धरायचा आणि सोडला की परत येणारा. मधल्या दोन पायांपैकी डाव्याला घरातला स्पीकर, उजव्याला गोठ्यातला. वरचा डावा आणि खालचा उजवा पाय एकमेकांना जोडून आउटपुटला. वरचा उजवा आणि खालचा डावा जोडून इनपुटला. दोन्ही स्पीकरच्या दुसऱ्या तारा मायनसला. सोडलेला असताना मधले पाय वरच्यांना लागतील असा बसवा. मग एरवी गोठा बोलतो आणि घर ऐकतं, दाबला की घर बोलतं आणि गोठा ऐकतो. सर्किट एकच, स्विचही एकच, आणि तो घरात. आबांच्या बाजूला फक्त दोन तारा.

स्विच दाबताना ‘धप्प’ असा आवाज येतो तो नको असेल तर आउटपुटच्या कंडेन्सरनंतर आणि इनपुटच्या कंडेन्सरआधी, दोन्ही ठिकाणी मायनसला १ के लावा. कंडेन्सर अधांतरी राहत नाहीत.

स्विचजवळच्या तारा मात्र नीट ओढा. माझ्या पहिल्या जोडणीत इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकाच बंडलात बांधल्या होत्या, दिसायला अगदी पॅनेलसारखं सुबक. व्हॉल्यूम निम्म्यावर नेला की कुकरची शिट्टी. दोन तारा वेगळ्या केल्या, इनपुटची तार आखूड केली, सगळे मायनस आयसीच्या चार नंबरजवळ एका ठिकाणी आणले, शिट्टी गेली. टेबलावर दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून तपासलंत तर शिट्टी येणारच, तो सर्किटचा दोष नाही. एक स्पीकर दुसऱ्या खोलीत न्या आणि दार लावा.

गोठ्यापर्यंतची वायर अर्धा स्क्वेअर एमएमची, पिळलेली. पीळ हाताने घालत बसू नका. दोन्ही तारांची एका बाजूची टोकं खांबाला बांधा, दुसऱ्या बाजूची ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरा, तारा ताणा आणि ड्रिल सावकाश फिरवा. तारा एकमेकींना गुंडाळत जातात आणि ड्रिल तुम्हाला हळूहळू खांबाकडे ओढत नेतं. बोटभर अंतरात एक पीळ पडला की थांबा. थांबल्यावर ड्रिल एकदम सोडू नका, वायर उलटी फिरून हातावर फटका देते. पिळात लांबी कमी होते म्हणून पाच-सात फूट जास्तीची घ्या. जाऊन-येऊन तारेचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या आसपास भरतो, त्याने काही बिघडत नाही. सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे उरलेली नेटवर्कची केबल मिळाली तर तीही चालते. आत पिळलेल्या जोड्या आयत्याच असतात. बारीक असतात म्हणून दोन जोड्या एकत्र करा.

ही वायर गोठ्यातल्या दिव्याच्या वायरबरोबर एकाच पट्टीत नेऊ नका. हातभर लांबून न्या. एक तर घरघर येते, आणि दुसरं म्हणजे कुठे इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट सरळ आबांच्या उशाशी. वळवाचे ढग दिसले की घराच्या बाजूचा कनेक्टर ओढून ठेवा. उघड्यावरून साठ फूट गेलेली तार आहे.

तशी तार म्हणजे एरियलही. पहिल्या संध्याकाळी सगळं जोडलं, गोठ्याचा आवाज लावला, आणि मागे बारीक आवाजात आकाशवाणी. बाई बातम्या देतायत आणि त्यात गाय फुरफुरतेय. स्विच दाबल्यावर आबांना विचारलं तिकडे रेडिओ लावलाय का. ते म्हणाले, “गाईला कशाला रं बातम्या?” लांब तारेने मध्यम लहरी पकडल्या आणि ट्रान्झिस्टरने त्या सोडवून दिल्या. इनपुटवर, बोर्डावर तार येते तिथेच, गरम तार आणि मायनस यांच्यामध्ये एक ०.१ मायक्रोफॅरड लावला की बातम्या बंद.

स्पीकर उघडा टांगू नका. बोलण्याचा आवाज कागदाच्या पुढून आणि मागून दोन्हीकडून लागला की एकमेकांना मारतो. मी पाइनच्या खोक्याची पेटी केली, मागून बंद. तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचे दोन पदर, आणि कागदावर थेट वाफ बसू नये म्हणून तोंड थोडं खाली कललेलं. गव्हाणीपासून उंच, गाईची जीभ पोचणार नाही असं. पत्र्याच्या डब्यात बसवला होता आधी, तर प्रत्येक शब्द डब्यातून बोलल्यासारखा. माझा भाचा बेंजो पार्टीत साउंड बघतो. तो म्हणाला, मोठ्या ढोलापुढे स्टुडिओवाले मुद्दाम स्पीकरच उलटा जोडून ठेवतात, खालचा दणका चांगला पकडतो म्हणून. आपल्याला तोच दणका नको असतो, म्हणून ते २२ मायक्रोफॅरड.

आवाज फोनसारखा स्वच्छ येत नाही. थोडा नाकातला येतो. पण रात्री दोन वाजता सगळं शांत असताना व्हॉल्यूम पाऊणवर ठेवला की दाव्याची साखळी वाजलेली कळते, रवंथाचा कचकच आवाज येतो, तो थांबलेला कळतो. गाय उठ-बस करायला लागली की खाली अंथरलेला भुसा सळसळतो. माघात गाय व्यायली तेव्हा आबांच्या हाकेआधी मी तिच्या कण्हण्याने उठलो होतो आणि पाय चपलेत घातले होते.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी होती, ती मी सांगितली नाही. गोठा कायम चालूच असतो, हे आबांना माहीत नव्हतं. पहिल्या रात्री ते गाईशी बराच वेळ बोलत होते. माझं दुकान, माझा हिशोब, ट्रॅक्टरचा हप्ता, सुनेचा स्वभाव, सगळं तिला समजावून सांगत होते, आणि सून शेजारीच बसून ऐकत होती. सकाळी तिने चहा देताना एकच वाक्य टाकलं. दुपारी बघतो तर खोक्यावर दुहेरी पोतं टाकून सुतळीने आवळलेलं.

मी सोडायला गेलो, तर म्हणाले राहू दे. आता गाय टेकली की पोतं काढायचं, व्याली की परत बांधायचं, असं ठरलंय. सुतळीची गाठ त्यांनी स्वतः घातलेली असते.